हसुरामकाकांची जपानी

हसुरामकाका गाडीतून लगेच उतरत नसत. गाडी दारात येऊन थांबायची, हँडब्रेक ओढला जायचा, पण इंजिन चालूच. काका स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसायचे. जासईच्या कंटेनर यार्डात मी कामाला लागले त्या पहिल्याच सकाळी गेटजवळ हे दृश्य दिसलं आणि मला वाटलं, या गृहस्थांना भोवळ आली. धावत जाऊन काच ठोठावली. काच सावकाश खाली आली.

"काय झाला गो बाय?"

"तुम्हाला बरं वाटतंय ना?"

"मना काय धार भरलीय? गारीला दम घेऊ दे. धावून आयलेल्या मानसाच्या तोंडाला कोनी लगेच पानी लावतं काय?"

टर्बो इंजिन लांबून आल्या आल्या बंद करू नये, हे शास्त्र मला मागाहून कळलं. त्या दिवशी मी मनात म्हटलं, घ्या, साहेबच असला मिळाला! कारण हे गृहस्थ आमच्या यार्डाचे टॅली सुपरवायझर निघाले. कंटेनर उघडला की आतला माल मोजून घ्यायचा, फुटलं-तुटलं बघायचं आणि मगच पुढं सोडायचा, हे त्यांचं काम. मी साताऱ्याकडची, तोंडानं फटकळ. ते जासईचे, आगरी, सात पिढ्या खाडीकाठच्या. आमचं पटायचं काही कारण नव्हतं. पण पटलं बाई, आणि असं पटलं की माझ्या नवऱ्याला मी माहेरचं माणूस म्हणून त्यांचंच नाव सांगायची.

त्या गाडीला अख्खं गाव 'जपानी' म्हणायचं. राखाडी रंगाची, लांबट, बसकी सेडान. तिच्यावर काकांचा जीव जडला तो ती गाडी व्हायच्याही आधी. त्या जपानी कंपनीनं भारतात कारखाना काढला तेव्हा गाड्या अख्ख्या येत नसत, सुटे भाग लाकडी पेट्यांत भरून न्हावा शेव्याला उतरायचे आणि आमच्या यार्डात उघडायचे. दारं एका पेटीत, काचा दुसरीत, डॅशबोर्ड पेंढ्यासारख्या कागदात गुंडाळलेला. काका म्हणायचे, "लोका बायको बघायला जातात त नटवलेली बघतात. मी हिला सुटी सुटी बघितलीय. हिच्यान खोट असती त मनाच पयली दिसली असती."

कंपनीचा इतिहास ते पोथी सांगावी तसा सांगायचे. यार्डात बसून आंबट ताकाबरोबर भाकरी खाताना, पावसामुळं काम थांबलं की, कुणी नवा ट्रकवाला भेटला की लगेच. कंपनीचा मूळपुरुष म्हणे जपानातल्या कुठल्याशा कोळीवाड्याजवळचा. आधी तो मासेमारीच्या होड्यांची इंजिनं बनवायचा. मग लढाई झाली, कारखाना बेचिराख झाला. मग त्यानं राहिलेल्या लोखंडातून तीनचाकी टेंपो केला, आणि तिथून गाडी. खरं किती नि काकांनी भर घातलेली किती, देव जाणे. सार मात्र ठरलेलं असायचं. "होरीचा इंजिन बनवनारा मानूस हाय तो, बाय. रस्त्यान बंद परली त मेकॅनिक येल. दर्यान बंद परली त कोनाला हाक मारशील? म्हनून ते मानसाच्या हातून कच्चा काम होतच नाय." एवढं बोलून ताकाचा घोट घ्यायचे, जणू मूळपुरुष त्यांचा मावसभाऊ.

त्या पेट्यांचं लाकूड गावात घरोघर गेलं होतं. कुणाचं कपाट, कुणाचा कोंबड्यांचा खुराडा. काकांनी एक फळी दारावर लावली होती. तिच्यावर काळ्या शाईत जपानी अक्षरं. काकांचा ठाम समज, की तो जपानी लोकांचा शुभ लाभ असणार. दसऱ्याला फळीला तोरण, दिवाळीला हळदकुंकू. पुढं फोनमध्ये भाषांतर करायची सोय आली तेव्हा मी मोठ्या उत्साहानं फळीसमोर फोन धरला. काही केल्या वाचेना. शेवटी फोन उलटा धरला. उत्तर आलं: 'उलटं ठेवू नये.' मी हसून हसून ओट्यावर बसले. फळी इतकी वर्षं उलटी होती! काकांनी शांतपणे फळीकडं बघितलं, मग घराकडं बघितलं.

"मग आता सरळ करायची काय?" मी विचारलं.

"कशाला? ती उलटी हाय तवरं घर सरल उभा हाय. आता ती सरल केली आन घर उलटला म्हंजे?"

या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसे.

पुढं कंपनीनं भारतातून गाशा गुंडाळला. आमच्याकडं पेट्या यायच्या बंद झाल्या, शोरूमवर दुसऱ्याच गाड्यांची पाटी लागली. काका निवृत्त झाले. गाडीला आरटीओकडून मुदतवाढ मिळवून त्यांनी ती चालवतच ठेवली. त्यांचा मुलगा दिनेश चांगला, कर्ता पोरगा, उरणजवळ द्रोणागिरीत त्याचं गोदाम आहे. त्यानं पांढरी, उंच, नवी कोरी गाडी आणून दारात उभी केली आणि म्हणाला, "बाबा, आता ती भंगारात द्या." काकांनी नव्या गाडीला हार घातला, नारळ फोडला, पेढा खाल्ला आणि जपानीची किल्ली खिशात टाकली. मला वाटलं, निव्वळ हट्ट आहे. तो हट्ट नव्हता. मथुराकाकींना तोवर विसर पडायला लागला होता.

मथुराकाकी म्हणजे काकांची बायको. धिप्पाड, हसरी बाई, खाडीची निवटी मासळी खावी तर तिच्याच हातची. आधी ती मिठाचा डबा विसरली, मग माझं नाव, मग एक दिवस स्वतःच्या सुनेला "तुमी कोनाकरं आयल्या?" असं विचारलं. गाव सोडून कधी न राहिलेली ती बाई, स्वतःच्या घरात पाहुण्यासारखी अवघडून बसायला लागली. दिनेशनं मोठमोठे डॉक्टर केले. गोळ्या झाल्या. काकी आपली दाराशी पिशवी घेऊन उभी, "मना घरा सोरा." आणि नवऱ्याकडंसुद्धा परक्यासारखी बघायची. काकांचा चेहरा तेव्हा बघवत नसे.

पण जपानीत बसली की ती बदलायची. हे मी डोळ्यांनी बघितलंय म्हणून सांगते. नव्या गाडीत घातली तर लहान मुलासारखी रडायची. जपानीच्या पुढच्या सीटवर बसली, दार लागलं, की पदर सारखा करून म्हणायची, "चला." आणि काकांना 'अवो' म्हणून हाक मारायची. अख्ख्या दिवसात नवरा तिला सापडायचा तो तेवढ्या वेळात.

मग ते दोघं दररोज सकाळी द्रोणागिरीला जायचे. मी पुष्कळदा मागच्या सीटवर असे. तो रस्ता तुम्ही बघायला हवा. सिडकोनं आखून ठेवलेले रुंदच रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना अजून काहीच नाही. गवत, पाणथळ, मध्येच एखादी अर्धवट इमारत. खाडीवरून धुकं आलेलं असायचं आणि बंदराच्या क्रेनचे फक्त माथे वर दिसायचे. दूर पाण्यात फ्लेमिंगो उभे. गाडी इतकी हळू जायची की चालतेय की तरंगतेय कळू नये. कुणी काही बोलत नसे. मलासुद्धा तिथं बडबडावंसं वाटायचं नाही, यावरून काय ते ओळखा.

त्याच जमिनीवर पूर्वी काकींच्या बापाचं मिठागर होतं. काकींना रस्ते दिसतच नसत. त्यांना ते मिठागर दिसायचं. "बाबूस मीठ वरतंय बघा," बाप समोर मीठ ओढत असल्यासारखं त्या मोकळ्या प्लॉटकडं बोट करून म्हणायच्या. कधी एकदम घाबऱ्या होऊन, "अवो, भरती आयली, फिरवा फिरवा!" आणि काका खरंच गाडी फिरवायचे. मोकळा रस्ता, समोर टिपूस पाणी नाही, आणि हा माणूस यू-टर्न घेऊन भरतीपासून बायकोला वाचवायचा.

अशात एकदा जपानीचा वॉटर पंप गेला. उरणच्या मेकॅनिकनं हात वर केले. "काका, कंपनीच नाय राहिली, पार्ट कुठनं आणू?" गाडी पडवीत ताडपत्रीखाली. पहिल्या दिवशी काकी गाडीभोवती फिरल्या. दुसऱ्या दिवशी जेवल्या नाहीत. मग त्यांनी काकांना घरातून बाहेर काढलं, "हा बाप्या कोन? ह्याला घालवा," म्हणून. काका अंगणात आंब्याखाली बसून राहिले. मी गेले तर म्हणाले, "बाय, ही गारी नाय चालली त मी मेलू. जिता हाय, पन तिच्यापुरता मेलू."

त्या जुन्या गाडीच्या मालकांचा फोनवर एक ग्रुप होता, देशभरातले वेडे सगळे. मी त्यावर लिहिलं. गाडीबद्दल थोडं, काकींबद्दल जास्त. कोल्हापूरच्या एका माणसानं आपल्या परसात उभी असलेली बंद गाडी उघडली आणि पंप काढून एसटीच्या पार्सलनं पाठवला. वर चिठ्ठी नाही, बिल नाही. फोन केला तर म्हणाला, "आमच्या वडिलांची गाडी हाय ओ. नुसती उभी ऱ्हाऊन काय करायची? काकींस्नी फिरवा म्हणावं." गाडी चालू झाली तेव्हा काकी आत बसल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "अवो, किती दिस लावलं!"

त्यानंतर काका मला एकदा म्हणाले, "गारीचा झाला. आता मानसाचा बघायला पायजे." त्यांच्या छातीत दुखायचं, हे त्यांनी फक्त मलाच सांगितलं होतं. मी चिडले, डॉक्टरकडं ओढत नेलं, गोळ्या सुरू केल्या. पण ते काकांच्या डोक्यातून जाईना. "मी आधी गेलू त तिला फिरवील कोन? दिनेश गारी चालवतं का इमान, कानाला फोन लावून. तू चालव."

"काका, काहीतरी अभद्र बोलू नका हं!"

"अभद्र काय त्यान? चार्ज देतंय."

चार्ज देणं म्हणजे काय ते यार्डातल्या माणसाला सांगावं लागत नाही. पाळी संपली की नुसता कागद हातात देऊन जायचं नाही, असा काकांचा दंडक होता. येणाऱ्याला बरोबर घेऊन सगळं यार्ड पायी फिरायचं, प्रत्येक कंटेनरला त्यानं हात लावायचा, आणि मगच जाणारा मोकळा. तसाच त्यांनी मला चार्ज दिला. काकी पुढं, मी स्टिअरिंगवर, काका मागं.

"हितं हलू. हितं बांध हाय."

"काका, इथं सपाट डांबरी रस्ता आहे."

"तुझे रस्त्यान नाय बांध. तिचे रस्त्यान हाय."

असं करत करत त्यांनी मला ते नसलेलं मिठागर शिकवलं. इथं उघाडी, भरतीचं पाणी आत घ्यायचं दार. इथं तिच्या बापाची झोपडी, इथं दोन क्षण थांबायचं. इथं ती लहानपणी पडली होती, इथं ती गप्प होते, तेव्हा तूही गप्प बसायचं. मी एरवी कुणाचं ऐकून घेणारी नव्हे, पण पाठ केलं सगळं. शेवटी म्हणाले, "आता मी मोकला." मला मेलीला रागच आला.

काका गेले ते दुपारी, चहा पिऊन खुर्चीत बसल्या बसल्या. घरात रडारड झाली तेव्हा काकींना शेजारी नेऊन बसवलं होतं. दिनेशनं आणि सगळ्यांनी ठरवलं, आईला सांगायचं नाही. सांगितलं तर ती रडेल, विसरेल, पुन्हा विचारेल, पुन्हा सांगावं लागेल. रोज रोज नव्यानं विधवा करायची का तिला? ते बरोबरच होतं. काकी विचारायच्या तेव्हा सगळे सांगायचे, "बाबा ड्युटीवर गेलेत, बंदरावर." आणि आत जाऊन डोळे पुसायचे.

कार्य आटोपल्यावर एका सकाळी मी जपानी बाहेर काढली. काकी दाराशी आल्या, माझ्याकडं बघितलं, रिकाम्या मागच्या सीटकडं बघितलं. मी मनात देवाचा धावा करत होते. त्या बसल्या. पदर सारखा केला. "चल," म्हणाल्या.

धुकं होतं. बांधापाशी मी गाडी हळू केली. झोपडीपाशी थांबले. गप्प बसायच्या जागी गप्प बसले, आणि तिथंच, समोर बघत, अगदी रोजच्या आवाजात काकी म्हणाल्या, "ते गेले ना?"

खोटं बोलायची तयारी करून आले होते, पण त्या गाडीत ते जमलं नाही. मी मान हलवली.

"मना ठाव हाय," त्या म्हणाल्या. मग माझ्या गालावरचं पाणी त्यांनी आपल्या पदरानं पुसलं. "घरान सांगू नको. पोरा रडत बसतीन."

आम्ही परत आलो. दिनेश दारातच उभा होता. काकी त्याचा हात धरून गाडीतून उतरल्या, दोन पावलं गेल्या आणि घरात सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "ते आयले काय रं कामावरशी?"

"येतील, आई. आज जरा उशीर होईल म्हणालेत," दिनेश म्हणाला.

तेवढ्यात त्या सगळं विसरल्या होत्या की पोरांसाठी विचारत होत्या, मला आजपर्यंत कळलेलं नाही. त्यांनी दिनेशच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "बरा. मंग तू जेवून घे, बाला. त्यांची वाट नको बघू."