वसईची मासळी, ठाण्याची खाडी

सेसिलियाने हाक दिली की नौपाड्याच्या त्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावरचे पडदे हलायचे. माइक नसलेल्या काळातल्या नटीचा आवाज देवाने चुकून मासळीच्या पाटीमागे बसवला होता. "या ताई, वसईची बोय! अजून तिला कळलं नाय ती मेलीय!" लोक हसायचे आणि पिशव्या पुढे करायचे.

बोय मासळी वसईची नव्हती, इथल्याच ठाण्याच्या खाडीतली होती. सेसिलियाचा नवरा बॉस्को लहानशा होडीतून जाळं टाकायचा आणि भरतीबरोबर परतायचा. पण कारखान्यांचं रंगीत पाणी खाडीत उतरू लागलं, तेव्हापासून 'खाडीची' म्हटलं की गिऱ्हाईक नाक मुरडून पुढे जाई. मग त्यांच्या खाडीकाठच्या गावातल्या मासळी विकणाऱ्या साऱ्या बायकांनी मिळून मासळीचं गाव बदलून टाकलं. चर्चमध्ये फादरपुढे पापं सांगताना सेसिलिया एवढी गोष्ट गाळायची. "धंद्यातलं बोलणं ते. खोटं कुठं?"

"तू वराडतेस ना," बॉस्को म्हणायचा, "तवा मलापण वाटतं, मी वसईला जाऊन आलो."

मग खाडीत भराव टाकून रस्ता न्यायचं ठरलं. काठावरची तिवरांची झाडं तुटणार होती, बॉस्कोचा जाळं टाकायचा पट्टा मातीखाली जाणार होता. प्रकल्पाच्या अहवालात म्हटलं होतं, या भागात मासेमारी होत नाही. म्हणजे ज्याला विचारायचं असा कोणी इथे राहतच नाही! जनसुनावणीत हे खोडून काढता आलं, तरच काम अडणार होतं. नाहीतर बॉस्कोची होडी चुलीत घालायच्या लायकीची.

दोघांना सुनावणीला नेलं वासंतीबाईंनी. निवृत्त शिक्षिका, सेसिलियाचं जुनं गिऱ्हाईक, आणि खाडीसाठी झगडणाऱ्या मंडळींत पुढे. तिवरं वाचवायला भर उन्हात हातात हात धरून उभ्या राहिलेल्या. बाईंच्या मनात तिळभर खोट नव्हती.

बॉस्को बोलायला उभा राहिला आणि पहिल्याच वाक्याला अडखळला. "आमी धरतो मासे. बाप धरायचा, आजा धरायचा."

"विकता कुठे?" प्रकल्पाच्या सल्लागाराने विचारलं.

"बायको विकते. नौपाड्यात."

वासंतीबाईंना राहवेना. त्या ताडकन उठल्या. "मी सांगते ना! खाडीची काय दशा करून ठेवलीत तुम्ही! एक मासा उरला नाही तिच्यात. ही सेसिलिया, पंधरा वर्षं मी हिच्याकडून घेतेय. बिचारीला वसईहून मासळी आणावी लागते, वसईहून!"

मंडळींनी टाळ्यांचा कडकडाट केला. टाळ्या थांबेपर्यंत सल्लागार थांबला. "आभारी आहे, मॅडम. आमच्या अहवालात हेच लिहिलंय."

वासंतीबाई उभ्याच राहिल्या. बॉस्कोने बायकोकडे पाहिलं. गप्प बसावं तर खाडी गेली, बोलावं तर गिऱ्हाईक गेलं. सेसिलिया उठली. गल्ली हलवणारा तो आवाज तिने आज हळू केला.

"वसईची नव्हती, ताई. खाडीचीच होती, रोजची. तुमी खाल्लीत, नातवांना घातलीत. चांगली लागली म्हणून परत आलात."

 मग मागच्या रांगेतून एक जण ओरडला, "म्हणजे आम्ही केमिकल खात होतो?"

"अरे, हिच्यावरच केस टाका!"

खाडी राहिली बाजूला, जो तो आपल्या पोटाचं बोलू लागला. सल्लागाराने गंभीर चेहऱ्याने विचारलं, "मघाशी वसईची, आता खाडीची. कोणतं लिहून घ्यायचं, बाई?" हशा पिकला. हसणाऱ्यांत टाळ्या वाजवणारेही होते.

अहवाल तसाच राहिला. परवानगी मिळाली, आणि तिवरांच्या कडेला मातीचे डंपर रिकामे होऊ लागले. बॉस्को उरलेल्या पट्ट्यात जाळं टाकत होता. सेसिलिया गल्लीत बसत होती, हाक न मारता. बातमी घरोघर पोचलीच होती.

एका सकाळी वासंतीबाई आल्या. "अगं, आम्ही कोर्टात जातोय. तुझ्या खाडीसाठी मी शेवटपर्यंत लढणार, बघ तू." बोलताना त्यांचे डोळे भरून आले, आणि ते पाणी खरं होतं.

सेसिलियाने एक बोय उचलली आणि कल्ला उघडून आतला ताजेपणाचा लालभडक रंग दाखवला. "खाडीची हाय, ताई. घ्या."

वासंतीबाईंनी पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. "आज नको गं. चतुर्थी आहे ना."

मासळी विकणाऱ्या बाईला हिंदूंचे उपास स्वतःच्या सणांपेक्षा जास्त पाठ असतात. चतुर्थी मागच्याच आठवड्यात होऊन गेली होती.

"बरं, ताई," सेसिलिया म्हणाली, आणि बोय परत बर्फावर ठेवली.