सीटबेल्टच्या आत मुरलेला वास

पहिल्या नवऱ्याने ग्लेनिसचं नाक दोनदा फोडलं, तरी आमच्या लाँगरीच गावात जुन्या गाडीतला कुबट वास काढावा तो तिनेच. सोडा, व्हिनेगर झालं की ती सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढते. गुंडाळलेल्या भागातच वास मुरतो. बाकीची गाढवं तिथे बघतसुद्धा नाहीत.

परवा गाडी साफ करून घ्यायला आलेल्या बेव्हनच्या गाडीत तिने ड्रायव्हरशेजारच्या सीटचा पट्टा ओढला, तर आत वाळलेलं रक्त. त्याची बायको आठवडाभर घराबाहेर दिसली नव्हती.

"कांगारू मारलं होतं गं, घरी नेताना सांडलं असेल," बेव्हन हसला.

ग्लेनिसने व्हॅक्यूमची लोखंडी नळी त्याच्या तोंडावर हाणली. त्याचा दात उडून, तिच्या हाताखाली सीट पुसणाऱ्या माझ्या बादलीत पडला.

"मेल्या, कांगारूला सीटबेल्ट लावून नेलंस होय रे?"