माकणीच्या काठावरचे रविवार

बदली होऊन लोहाऱ्याला आले तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांची होते. दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त-लघवी तपासायची नोकरी. आई आदल्या वर्षी गेली होती, लग्न केलेलं नव्हतं, आणि भाड्याच्या दोन खोल्यांत बोलायला कुणी नव्हतं. आठवडा कामात जायचा. रविवार मात्र सरता सरायचा नाही. म्हणून कॅमेरा घेऊन स्कूटीवर माकणीला जायला लागले.

तिथं तेरणेचं पाणी धरणानं अडवलंय. लाटांनी खाऊन खाऊन काठाला मुरमाचे कडे तयार झालेत, कुठं पुरुषभर उंच, कुठं त्याच्या दुप्पट. कडेकडेनं शेळ्यांनी पाडलेली पायवाट जाते. वारा सुटला की पलीकडचा काठ धुरकट होतो आणि समोर नुसतं पाणी उरतं. मी तेच पाणी पुन्हा पुन्हा टिपायची. फोटोत माणूस कधीच नसायचा. मुद्दाम नाही, तिथं कुणी यायचंच नाही.

फोटोचं वेड एका मैत्रिणीनं लावलं होतं. धाराशिवला आम्ही एका खोलीत राहायचो, सुट्टीला लेण्यांच्या डोंगरावर फिरायचो. क्षितिज सरळ कसं धरायचं, उजेडासाठी किती थांबायचं, हे तिनं शिकवलं. पुढं लग्न होऊन ती पुण्याला गेली. आई गेली तेव्हा तिचा फोन आला होता. मी उचलला नाही. दोन दिवसांनी करू म्हटलं. मग इतके दिवस गेले की आता कोणत्या तोंडानं करायचा, असं होऊन बसलं.

अशाच एका रविवारी थंडी होती, ऊन तिरपं झालं होतं. पाणी आणि कडा दोन्ही एका चौकटीत यावेत म्हणून मी ट्रायपॉड अगदी टोकाला लावला, कॅमेरा हातात घेऊन त्याच्यापाशी वाकले, आणि पायाखालचा मुरूम सुटला. घसरत थेट पाण्याजवळ आले. ट्रायपॉड पाण्यात गेला. कॅमेरा छातीशी धरला होता, तो वाचला. आधी लेन्स पाहिली, मग पाय. घोटा भराभरा सुजत होता. उभं राहता येईना.

फोन खिशातच होता. नावं वर-खाली केली. गॅसवाला, घरमालक, दवाखाना. घरमालक गावाला गेले होते. दवाखान्यात रविवारी कुणाला बोलवायचं? मी फोन ठेवून दिला. आज घरी पोचले नाही तर ते कुणाच्या, कधी लक्षात येईल, याचा विचार करत बसले. दवाखान्यात, सोमवारी अकरा वाजता, एवढंच उत्तर निघत होतं. तासभर तरी तशीच बसले असेन.

मग वर शेळ्या ओरडल्या आणि एक म्हातारी डोकावली.

"कोन हाय गं खाली?"

लांबच्या उतारावरून ती खाली आली. मला खांद्याचा आधार देत, थांबत थांबत वर आणलं. डोक्याचा टॉवेल सोडून घोट्याला करकचून बांधला.

"घरी कोन हाय?" तिनं विचारलं.

"आई," मी म्हणाले. का म्हणाले ठाऊक नाही. कुणीच नाही, हे तिला सांगायला जड गेलं.

"मग लाव की फोन. म्या बोलते. न्हायतर म्हातारी वाट बघून लई घाबरी व्हईल."

खरं सांगता आलं असतं. मी मैत्रिणीचा नंबर लावला. दोनच रिंग झाल्या. मी बोलायच्या आत म्हातारीनं फोन घेतला.

"तुमची लेक हितं माकणीला हाय. पाय मुरगळलाय, मोडल्याला न्हाय. म्या टमटममदी बसवून देते. काळजी करू नगा."

पलीकडून मैत्रिणीचा आवाज मलाही ऐकू आला, "बरं मावशी. तिला काहीतरी गरम प्यायला द्या. स्वतःहून मागायची नाही ती."

फोन माझ्याकडं आला.

"आई कधीपासून झाले मी तुझी?"

"दुसरं कुणी सुचलं नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. मला रडू कोसळलं. म्हातारी पाठ फिरवून शेळ्या वळवायला लागली.

रस्त्याला लागून तिची खोली होती. तिथं गुळाचा चहा झाला. रस्त्याकडेला लावलेली स्कूटी तिनं ढकलत आपल्या दारात आणून ठेवली, मी टमटमनं लोहाऱ्याला आले.

तीन आठवड्यांनी स्कूटी आणायला आणि टॉवेल धुऊन परत द्यायला गेले. सोबत पाण्याचा एक मोठा फोटो नेला होता. तो तिनं लांब धरून पाहिला, दाराशेजारी टेकवून ठेवला.

"मावशी, त्या दिवशी खोटं बोलले. माझी आई नाही."

"ठाव हाय. आई आसती तर म्या यायच्या आदीच फोन लावला आसतास."

मैत्रीण दिवाळीत येते म्हणाली होती. सासऱ्यांचं आजारपण निघालं, आली नाही. एखाद्या रविवारी तिचा फोन येतो, एखाद्या रविवारी मी करते, आणि कित्येक रविवार दोघीही करत नाही. माकणीला मी अजून एकटीच जाते. आता फक्त टोकापासून चार पावलं मागं उभी राहते.