अजूनमामाचे आठ सदरे

अजूनमामाचे पाय कधी थांबायचे नाहीत. मशीनवर कापड असो नसो, पायडल चालूच. जेवायला बसला तरी डावा गुडघा हलायचा, आणि रविवारच्या मिस्सेत फादरांचं प्रवचन लांबलं की त्याच्या शेजारी बसलेल्यांना ते आधी बाकाच्या थरथरीवरून कळायचं. आमच्या गावचा हा एकुलता एक शिंपी. त्याचं खरं नाव देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, वहीत असेलच, पण आम्हांला ते कधी लागलं नाही. डिसेंबरात त्याच्या दारात जाऊन कुणी विचारावं, "मामा, झाले का कपडे?" की मशीनच्या खडखडाटावरून आवाज यायचा, "अजून नाही! तुझं झालं का?"

त्याचं हे 'तुझं झालं का' मोठं जाचक होतं. दुसरी मोठी लढाई संपून दोनेक वर्षं झाली होती, कापड अजून रेशनवरच. वर्षाकाठी एक नवा कपडा अंगावर चढायचा तो नाताळाला, आणि तो मामाच्या हातून. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांचा, पहिला रविवार आला की वसईच्या आमच्या त्या कोपऱ्यातली सगळी कापडं त्याच्याकडे जमा होत. मामा मापं घ्यायचा, बेतायचा, शिवायचा आणि अडवून धरायचा. वर्षभरात ज्याच्याशी बोलणं टाकलं असेल त्याच्याशी बोलून या, फादरांपुढे गुडघे टेकून पापं सांगा, म्हणजे कुमसार करा, मग कपडे न्या. "घर सारवलंत, बाळ येशूचा गोठा उभारलात, करंज्या तळल्यात," तो म्हणायचा. "बाळ येऊन राहणार कुठे? करंजीत?" हे सगळं तो आमच्या घरच्या बोलीत बोले. मी इथे शाळेतल्या मराठीत लिहिते आहे, त्यामुळे त्यातली निम्मी चव गेली, पण इलाज नाही.

एकदा एका वाडीवाल्याचा कोट त्याने असाच खुंटीला लटकवून ठेवला. त्या गृहस्थाने सामाईक विहिरीच्या पाळीवरून शेजाऱ्याशी बोलणं टाकलं होतं. तो दारात उभा राहून ओरडला, "तू शिंपी आहेस का पाद्री?" मामा दातांत दोरा धरून म्हणाला, "पाद्री तुझं तोंड बघतो. मी तुझी छाती मोजलीये. दोन इंच फुगलीये रागाने." बाहेर बसलेले लोक असे हसले की कोटवाला तणतणत निघून गेला. पण संध्याकाळी शेजाऱ्याला बरोबर घेऊनच आला.

त्या साली माझं लग्न होऊन सातच महिने झाले होते. माझ्या आईने माहेराहून सुकेळी, म्हणजे सोलून वाळवलेली पिकली केळी, पाठवली होती, केळीच्या सोपात बांधून, वर सुंभाची गाठ मारून. थोरली जाऊ मार्था, तिला मी मार्थाबाय म्हणायची, तिने एक तोंडात टाकून सगळ्यांदेखत म्हटलं, "चामडं चावल्यासारखं लागतंय गं." झालं! माझ्या आईने उन्हात बसून वाळवलेली सुकेळी, आणि ही बया चामडं म्हणते! त्या दिवसापासून सहा आठवडे एका चुलीपुढे आम्ही दोघी मुक्यासारख्या राबलो. मीठ हवं असलं तरी मी सासूबाईंकडे मागायची, आणि मीठ असायचं मार्थाबायच्या हाताशी.

माझं पोलकं मामाकडे तयार होतं. पिवळं, बाहीला बारीक झालर. नाताळ चार दिवसांवर आला तेव्हा मी गेले आणि सरळ खोटं बोलले. "झालं मामा. बोललो आम्ही."

"काय म्हणाली ती?"

"म्हणाली... बरं."

"अजून नाही," मामा म्हणाला आणि पुन्हा पायडल मारू लागला.

माझं डोकंच फिरलं. नवी नवरी, पण जीभ जुनीच होती. मी म्हटलं, "आणि तुमचं काय हो मामा? सगळ्या गावाला बोलायला लावता, मग तुमचा सख्खा भाऊ पलीकडच्या आळीत राहतो, त्याच्याशी कधी बोललात?" ही गोष्ट साऱ्या गावाला ठाऊक होती. मामा मुंबईला शिवणकाम करत होता तेव्हा त्यांची आई गेली. थोरल्या भावाने, इनासने, वेळेवर निरोप धाडला नाही. मामा पोचला तेव्हा कबरीवरची फुलंसुद्धा सुकली होती. तेव्हापासून आठ वर्षं दोघे एका देवळात येत होते आणि पाठ फिरवून घरी जात होते.

मशीन थांबलं. मामाचे पाय थांबलेले मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले आणि मला अक्षरशः भीती वाटली. वाटलं, म्हाताऱ्याला काही झालं तर? तो उठला, कोपऱ्यातली पत्र्याची पेटी उघडली. आत घडी घातलेले सदरे होते, पांढरे, एकावर एक. आठ.

"दर नाताळाला एक," तो म्हणाला. "त्याचे. माझ्या वाटणीच्या कापडातून."

"माप कुठून आणलंत?"

"मिस्सेत त्याच्या मागच्या बाकावर बसतो ना. माप घ्यायला बोलावं लागत नाही."

"मग देत का नाही?"

"दर वर्षी म्हणतो, देईन. आईची मूठभर माती टाकायला मिळाली नाही मला, पोरी. ते आठवतं आणि पेटी बंद करतो. लोकांना सांगतो, कारण त्यांचं तरी होऊ दे." मग त्याने स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हटलं, "अजून नाही."

मी घरी आले ती तळमळतच. त्या म्हाताऱ्याला बोलून गेले याची लाज, आणि पोलकं हवं होतं याची जास्तच लाज. दुसऱ्या दिवशीही कशात लक्ष लागेना. शेवटी मार्थाबाय करंज्या तळत होती तिथे जाऊन मी उभी राहिले आणि म्हटलं, "सुकेळी जरा कडकच झाली होती." ती झारा हातात तसाच धरून माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "नव्हती गं. तुझी आई आठवणीने पाठवते, माझी राहिली नाही. म्हणून बोलले." मग आम्ही दोघी रडलो आणि एक घाणा पार करपला. सासूबाई ओरडल्या, पण आम्हांला काही ऐकूच आलं नाही.

नाताळाच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघी मामाकडे गेलो. माझं पोलकं त्याने काही न विचारता काढून दिलं. बाकी सगळ्या खुंट्या रिकाम्या होत्या. "आता मीच उरलो," तो हसून म्हणाला, पण गुडघा नुसता थडथडत होता.

मार्थाबाय फटकळच. ती म्हणाली, "मग उठा की! का आम्ही उचलून नेऊ?"

तो उठला. पेटीतला सगळ्यांत वरचा सदरा घेतला, खिशात सुई-दोरा टाकला आणि निघाला. आम्ही दोघी चोंबड्या, मागोमाग. इनासच्या घराशी पोचेपर्यंत तो दोनदा माघारी वळला. दोन्ही वेळा मार्थाबाय वाट अडवून उभी राहिली.

इनास ओट्यावर बसला होता. धाकट्या भावाला बघून तो खांबाला धरून उठला. मामाने सदरा पुढे केला, इनासने तो तिथेच अंगात घातला आणि सदरा त्याच्या अंगावर लोंबला. मागच्या बाकावरून मामाला दिसायची ती जाड कोटातली पाठ. कोटाच्या आत माणूस किती वाळलाय ते त्याला कळलंच नव्हतं. तो जवळ जाऊन म्हणाला, "हात वर कर."

आठ वर्षांनी भावाशी बोललेले हे त्याचे पहिले शब्द. इनासने लहान मुलासारखे दोन्ही हात वर केले. मामा त्याच्या कुशीशी वाकून टाके घालू लागला, आणि वरून इनास म्हणाला, "निरोप धाडायला हवा होता रे मी. चुकलो." मामाने मान वर केली नाही. "हलू नकोस, सुई लागेल," एवढंच म्हणाला. पण त्याला दोरा दिसत नव्हता, हे आम्हांला कुंपणापाशी उभं राहूनसुद्धा कळत होतं.

राहिलेले सात सदरे, दर नाताळाला एक, असं ठरलं. इनास आणखी तीनच नाताळ जगला. पेटीत चार उरले. ते मग मामा स्वतःच घालू लागला. इनासच्या मापाचे ते सदरे ठेंगण्या मामाला गुडघ्यापर्यंत यायचे, बाह्या दुमडून घ्याव्या लागायच्या. मी एकदा म्हटलं, "मामा, गावाचे कपडे करता, हे तेवढे आपल्या मापाचे करून घ्या की."

"राहू दे," तो म्हणाला. "मी त्याच्याकडे लवकर गेलो असतो तर हे चारही त्यानेच वापरले असते का गं?"

सदरे पुन्हा शिवता येतात, पण गेलेली आठ वर्षं परत येत नाहीत, हा हिशेब त्याच्याइतका कुणाला कळत होता!

मामा जाऊनही आता खूप वर्षं झाली. आगमनकाळाचा पहिला रविवार आला की माझं मन घरात ठरत नाही. सुना केक करतात, नातवंडं गोठ्याला दिवे लावतात, आणि मी खोल्याखोल्यांतून फिरत राहते. वर्षभरात कुणाला काय बोलले, कुणाला निरोप धाडायचा राहिला, ते आठवत राहते. मार्थाबाय होती तोवर मी आधी तिच्या दाराशी जायची. आता सुना विचारतात, "आई, काय शोधताय? झालं की सगळं."

"अजून नाही," मी म्हणते, आणि चप्पल घालून बाहेर पडते.