माजी विद्यार्थ्याच्या दिवाणखान्यात

मी काही लिहावं हा आगाऊपणाच आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. आमच्या घरात सहीपलीकडे काही लिहिणारा मीच पहिला, आणि तेही परीक्षेपुरतं. पण कॉलेजप्रवेशाच्या त्या मुलाखतींची थोरवी ऐकू येते तेव्हा गप्प बसवत नाही.

कलकत्त्यातल्या ज्या कॉलेजात मला जायचं होतं, तिथे अर्ज केल्यावर कॉलेजच्या एका माजी विद्यार्थ्याला भेटावं लागे. तो मुलाला पारखून आपलं मत कळवी. सोनाराला निदान कसोटीचा दगड लागतो, या मंडळींना स्वतःचा दिवाणखाना पुरत असे. मी मराठी, म्हणून माझ्या वाट्याला मराठी साहेब आले. ते जन्मापासून इथलेच, एका कंपनीत बडे अधिकारी, घर एस्प्लनेडजवळ. माझे वडील गार्डन रीचला रेल्वेच्या कचेरीत दप्तरी होते, फायली बांधायच्या नि मागितली ती काढून द्यायची. प्रवेश हुकला तर मलाही तिथेच चिकटवायचं त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

मुलाखत म्हणजे काय हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मुलगी दाखवतात तसंच काही असावं असं धरून वडील धुतलेला कोट घालून बरोबर निघाले. आईनं बेसनाच्या लाडवांचा डबा दिला. "पहिल्यांदा कुणाकडे रिकाम्या हातानं जाऊ नये," ती म्हणाली.

साहेबांनी आधी वडिलांकडे पाहिलं, मग डब्याकडे.

"हे काय? लाच?" असं म्हणून ते स्वतःच मोठ्यानं हसले. वडीलही हसले. साहेब हसले की हसायचं, ही कचेरीची सवय.

डबा आत गेला. साहेबांनी मला इंग्रजीत विचारलं, "टेनिस खेळतोस?"

"नाही सर. हुतुतू खेळतो."

"आमच्या वेळी..." आणि पुढे बराच वेळ साहेबांच्या वेळचं टेनिस, साहेबांची वादविवाद सभा, साहेबांनी केलेले विनोद. मुलाखत माझी होती असं मी समजत होतो. मग त्यांना माझी आठवण झाली.

"केवळ आनंदासाठी वाचलेलं शेवटचं पुस्तक कोणतं?"

मी पुष्कळ आठवलं. खोटं बोलवेना. "भूमितीचं, सर."

साहेबांनी आत हाक मारून बायकोला हे उत्तर ऐकवलं. बाई दारात येऊन हसून गेल्या. भूमितीत एखादी गोष्ट खरी ठरायला सिद्ध करावी लागते, बोलणाऱ्याच्या खुर्चीवर ती अवलंबून नसते, हे त्या घरात बहुधा कुणाला माहीत नसावं.

निघताना नोकरानं डबा परत आणून दिला. तो अगदी रिकामा होता. आमच्याकडे शेजारणीचा डबासुद्धा चिमूटभर साखर घातल्याशिवाय परत जात नाही.

"मी कॉलेजला कळवीन," साहेब वडिलांना म्हणाले. "उत्तर येईपर्यंत तिकडे खेटे घालायचे नाहीत. वाईट दिसतं."

ट्रॅममध्ये वडील म्हणाले, "भूमिती कशाला म्हणालास रे?"

"मग काय म्हणू बाबा?"

"रामायण म्हणायचंस. रामायणाला कोण हसतं?"

साहेबांचा शब्द वडिलांनी हुकूम मानला. दुसरा कुणी बाप दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या फाटकाशी उभा राहिला असता, पण आमच्याकडे वरिष्ठांनी थांब म्हटलं की माणूस थांबतो. आम्ही पोस्टमनची वाट पाहत राहिलो. अखेर वडिलांनी कचेरीत माझ्यासाठी शब्द टाकला. त्या सकाळी मी त्यांना न सांगता कॉलेजात गेलो.

तिथल्या वयस्कर बंगाली कारकुनानं माझं नाव विचारलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"तू होतास कुठे बाबा? तुझं नाव केव्हाच लागलंय फलकावर."

"पण साहेबांचं मत..."

"कुठल्या साहेबांचं? यादी मार्कांवर लागते. ती मतं नंतर येतात, आम्ही कपाटात टाकतो. विचारलं की म्हातारी मंडळी खूश होतात, इमारतीला देणगी देतात."

 मग तो म्हणाला, "उभा काय राहिलास? सोमवारपासून वर्ग चालू आहेत. रोज तुझी गैरहजेरी लागते आहे."