जुन्या कवचातले नवे कंडेन्सर

माझ्या वहिनीला कोणी लबाड म्हटलं तर मला राग येणार, यात नवल नाही. मी तिचा दीर आहे. पण दीर नसतो तरी या प्रकरणात मी संतापलोच असतो. माझी सगळी नोकरी हिशेब तपासण्यात गेली. उघडून पाहिलं नाही त्यावर शेरा मारायचा नाही, हा त्या कामाचा पहिला नियम. बऱ्यापैकी शिकल्यासवरल्या माणसांना तो कळू नये, याचा राग अजून गेलेला नाही.

वहिनी जुने रेडिओ, रेकॉर्ड प्लेअर, टेपरेकॉर्डर दुरुस्त करते. दुकान माझ्या थोरल्या भावाचं. दादा बोलका होता. गिऱ्हाईक आलं की तो फळीवर कोपर टेकून गप्पा मारायचा आणि पडद्यामागे वहिनी तारांना डाग देत असायची. लोक म्हणत, "मिस्त्री, तुमच्या हातात जादू आहे." दादा मान डोलावून ते पदरात पाडून घ्यायचा. आतून वहिनीचा आवाज यायचा, "त्या जादूला म्हणावं, चहा टाकायची वेळ झाली."

दादा गेला तेव्हा दुकानाला कुलूप लागणार असंच सगळ्यांनी धरलं होतं. वहिनीने पडदा काढून टाकला, टेबल दारापर्यंत पुढे ओढलं आणि काम सुरू ठेवलं. सुरुवातीला गिऱ्हाइकं तिच्या डोक्यावरून आत डोकावत.

"मिस्त्री कोणी ठेवलाय की नाही?"

"ठेवलाय की. तुमच्याशीच बोलतोय."

दुकान म्हणजे एक लांबट खोली. दोन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या, त्यांवर पाठी उघड्या टाकलेले सेट. टेबलाशी भिंग बसवलेला दिवा आणि एक साधा बल्ब. दुरुस्त केलेल्या सेटला वहिनी पहिल्यांदा वीज देते ती त्या बल्बमधून. बल्ब मंद पेटला तर ठीक. भगभगला तर आत कुठेतरी घोटाळा आहे. तो पेटवण्याआधी ती सगळ्यांना गप्प बसवते. मलाही.

आता तिच्या कामाची रीत सांगितली पाहिजे, कारण सगळं रामायण त्यावरूनच झालं. जुन्या रेडिओत कागदी कंडेन्सर असतात. बोटाएवढ्या पुठ्ठ्याच्या नळ्या, वर मेणाचा थर, त्याखाली बनवणाऱ्याचं नाव छापलेलं. काळाने आतला कागद ओल धरतो, वीज गळायला लागते, आणि सेट एकसारखा घुमतो किंवा जळतो. बहुतेक कारागीर नळी कापून टाकतात आणि तिथे नवा पिवळाधमक कंडेन्सर लावतात. त्यात चूक काहीच नाही. पण दादा-वहिनी तसं करत नसत. नळी हलकी गरम करायची, आतली कुजलेली गुंडाळी ढकलून काढायची, पोकळ नळीत नवा छोटा कंडेन्सर सरकवायचा आणि दोन्ही तोंडं मेणाने बंद करायची. काम तिप्पट वाढतं. पण सेटची पाठ उघडली तरी तो कारखान्यातून निघाला तसाच दिसतो.

"एवढा खटाटोप कशाला?" मी एकदा विचारलं होतं.

"आजोबांना बरं करायचं म्हणजे त्यांना शाळेचा गणवेश घालायचा नसतो, भावजी."

आमच्या भागात जुने रेडिओ जमवणाऱ्या हौशी मंडळींचा एक गट आहे. त्याचे पुढारी म्हणजे कोपऱ्यावरचे फर्निचरवाले. त्यांनी वडिलांचा रेडिओ वहिनीकडे आणला. "आतून-बाहेरून वडिलांच्या वेळी होता तसा पाहिजे," असं बजावून सांगितलं. मी तिथेच बसलो होतो. वहिनी म्हणाली, "कवच जुनंच ठेवते, आतला माल नवा घालते." फर्निचरवाल्यांच्या कानाला फोन होता. त्यांनी अंगठा वर केला आणि गेले.

रेडिओ उत्तम वाजला. त्यांनी तो दिवाणखान्यात मांडला, येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवला. मग एके दिवशी धूळ पुसायला मागचं झाकण काढलं आणि आतल्या जुन्या नळ्या पाहिल्या. वहिनीला एक फोन करावा? नाही. ते सेट उचलून समोरच्या टीव्हीवाल्याकडे गेले.

हा टीव्हीवाला म्हणजे दादाचा एकेकाळचा भागीदार. नळ्या पोकळ करून भरायचं काम तो आमच्याच टेबलावर शिकला. दादा असेपर्यंत आमच्या घरी जेवायला असायचा. फर्निचरवाल्यांनी त्याला विचारलं, "यातलं काही बदललंय का हो?" त्याने बॅटरी मारून आत पाहिलं आणि म्हणाला, "जुनेच दिसतायत."

झालं. फर्निचरवाल्यांनी नळ्यांचे फोटो काढून गटात टाकले आणि खाली लिहिलं की बाईने नवे भाग घालते म्हणून सांगितलं आणि जुनेच ठेवले, सगळ्यांनी सावध राहावं. मग टीव्हीवाल्यालाच सांगितलं, हे काढा आणि नवे लावा. त्याने त्या भरलेल्या, चांगल्या चालणाऱ्या नळ्या खुशाल कापल्या आणि पिवळे कंडेन्सर लावले.

यातलं आम्हाला काहीच माहीत नव्हतं. एवढंच दिसत होतं की लोक येतायत आणि आपापले सेट परत मागतायत. कोणी म्हणे घर बदलतोय, कोणी म्हणे मुलाला आता हौस राहिली नाही. एका गृहस्थाने तर उघडलेला सेट स्क्रूसकट पिशवीत घातला आणि पिशवी छातीशी धरून निघून गेला. वहिनी चोर असावी तसा. शेवटी मोठ्या बाईंचा फोन आला.

मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचा रेडिओग्रॅम वहिनीच्या टेबलाशेजारी उभा होता. खाली कपाट, वर रेडिओ, झाकण उचललं की रेकॉर्डची तबकडी. असा रेडिओग्रॅम वहिनीने लहानपणी फक्त काचेबाहेरून पाहिला होता. तो दुकानात आला त्या दिवशी तिने दुसऱ्या कामाला हात लावला नव्हता. त्याच्या सगळ्या नळ्या भरून झाल्या होत्या, रेडिओ वाजत होता. तबकडी फिरवणारं रबरी चाक तेवढं घासून बसवायचं राहिलं होतं. मोठ्या बाई म्हणाल्या, "रविवारी गाडी पाठवते. आहे तसा द्या." का, ते मात्र त्यांनी सांगितलं. गटातला फोटो त्यांच्याकडेही आला होता.

वहिनीने हातातला पेचकस खाली ठेवला. बाकीचे सेट गेले तेव्हा ती चिडली होती. आता चिडलीही नाही. मला ते बघवेना. मी सरळ फर्निचरवाल्यांच्या दालनात गेलो. ते एका गिऱ्हाइकाला सोफा दाखवत होते.

"तुम्ही एका बाईचा धंदा बुडवताय, आणि तिला विचारलंही नाहीत?"

"अहो, मी माझ्या मनाने नाही बोललो," ते म्हणाले. "टीव्हीवाल्यांना दाखवून घेतलं. ते तर तुमच्या घरचेच ना?"

घरचेच! दुकानात परत येऊन मी वहिनीला सगळं सांगितलं. ती सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, "त्याने नळ्या कापल्या?"

"कापल्या."

तिने सोल्डरिंगचं बटण बंद केलं, पदराला हात पुसले आणि रस्ता ओलांडला. मी मागोमाग.

टीव्हीवाल्याकडे एक गिऱ्हाईक रिमोट घेऊन बसलं होतं.

"या वहिनी, आज वाट चुकलात?"

"फर्निचरवाल्यांच्या सेटमधल्या नळ्या कुठायत?"

"टाकल्या. कचरा ठेवून काय करू?"

"कापताना आत काय होतं?"

तो हसला. "हे बघा, मला माणसाने विचारलं, काय दिसतंय. दिसलं ते सांगितलं. खोटं काय बोललो मी?"

"तुम्हाला माहीत होतं आत काय आहे!" मी ओरडलोच.

"साहेब, तुम्ही मध्ये पडू नका. हा धंद्यातला विषय आहे."

"धंद्यातलाच आहे," वहिनी म्हणाली. "हे काम शिकताना उकळतं मेण हातावर घेऊन नाचला होतात. तेव्हा मलम लावताना मीही नुसतं दिसलं तेवढंच बघायला हवं होतं. लावा फोन फर्निचरवाल्यांना."

"करतो की सवडीने."

वहिनीने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि दाराच्या मधोमध मांडून बसली. "मला आज भरपूर सवड आहे. तुमच्याच कृपेने."

रिमोटवालं गिऱ्हाईक आता टीव्हीपेक्षा हेच बघत होतं. टीव्हीवाल्याने त्याच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि फोन उचलला.

"हां, मीच... ते त्या दिवशीचं... नाही, म्हणजे आत नवेच होते... हो, वरून जुने, त्यांची तशी पद्धत आहे... मी? मला वाटलं तुम्हाला कल्पना असेल."

मला वाटलं! माणसाचं नाव मातीत घालून वर हे दोन शब्द बोलून मोकळं व्हायचं. त्या दिवसापासून मी या गृहस्थाच्या नमस्काराला उत्तर देत नाही आणि देणारही नाही.

फर्निचरवाल्यांनी गटात नवी ओळ टाकली: बाईंच्या कामाबद्दल थोडा गैरसमज झाला होता. खाली हसरा चेहरा. आरोपाला फोटो होते, सावधगिरीचा इशारा होता. दुरुस्तीला हसरा चेहरा. वर वहिनीला फोन केला, "ताई, मनावर घेऊ नका. सेट आता जरा घुमतोय, परत पाठवतो तुमच्याकडे."

"ज्यांनी कापला त्यांच्याकडेच राहू द्या," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

शनिवारी संध्याकाळी मोठ्या बाईंचा फोन आला. वहिनीने आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला, कारण हातात ते रबरी चाक होतं.

"गैरसमज होता म्हणे. बरं झालं बाई. मग गाडी रद्द करते. फक्त एक करा, माझ्या पेटीत ते नवे कंडेन्सर बाहेरूनच लावा. पिवळे असतात ना, तसले. म्हणजे उघडून दाखवता येतील. उगाच कोणाला शंका नको."

"तुमच्या पेटीत नवेच आहेत, बाई. नळ्यांच्या आत."

"ते खरंच असेल हो. पण दिसत नाहीत ना."

"ते दिसावेत म्हणून चांगलं झालेलं काम मी कापून काढू?"

"एवढं काय त्यात? मी सांगतेय ना."

मी वहिनीला हातानेच खुणावत होतो, हो म्हण, हो म्हण. मला तो रेडिओग्रॅम जाऊ द्यायचा नव्हता. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मग गाडी पाठवा," ती म्हणाली.

ती रात्र मी जेवणाच्या ताटावर बायकोशी भांडून काढली. तिचं म्हणणं, एवढा ताठा परवडतो का? माझं म्हणणं, ताठा वहिनीचा नाही. एका बाईला वर्षानुवर्षांच्या कामाची साक्ष पिवळ्या रंगात द्यायला लावतात, ताठा त्यांचा आहे. बायको म्हणाली, "मग हे मला कशाला ऐकवताय? त्यांना ऐकवा." म्हणून हे लिहितो आहे.

रविवारी गाडी आली. वहिनीने तोवर चाक घासून बसवलं होतं. तबकडी बरोबर फिरते की नाही ते कान लावून पाहिलं. मग सुईचा दांडा कापसाची पट्टी गुंडाळून बांधला, झाकण लावून खटका अडकवला. हमालांनी पेटी उचलताच आडवी केली.

"उभी धरा! उभीच!" ती रस्त्यावर धावली. "आत वॉल्व्ह आहेत, काचेचे!"

"बिघडलेलीच आहे ना, ताई?" हमाल म्हणाला. "बाई म्हणाल्या, दुरुस्त न करताच आणायची."

"दुरुस्त आहे," वहिनी म्हणाली. "उभी धरा आणि हळू न्या."

त्याने मान डोलावली आणि पेटी उभी केली. गाडी वळेपर्यंत वहिनी तिथेच रस्त्यावर उभी होती. मग आत आली, रिकाम्या जागेत पडलेलं मेण खरवडून काढलं, आणि फळीवरचा आमच्या घरचाच एक टेपरेकॉर्डर काढून त्याचे स्क्रू सोडवायला लागली. त्याचे मालक आम्हीच होतो, म्हणून तो कोणी परत मागितला नव्हता.