एका गुंफणीत एकशे चाळीस पुरावे

मारेगावकडच्या बायकांच्या सेंद्रिय कापूस गटाच्या प्रमुख पंचफुला थूल कुणावर पटकन भरवसा ठेवत नसत. चार वर्षांपूर्वी गटाने प्रमाणपत्रासाठी घराघरातल्या कापसाची यादी दिली आणि आठवड्याभरात एक व्यापारी दारोदार फिरू लागला. कुणाकडे किती क्विंटल, त्याला तोंडपाठ! भाव पाडूनच गेला. यादी कुठून फुटली, कळलंच नाही.

म्हणून गटाचं संगणकाचं काम पाहणाऱ्या, पांढरकवड्याच्या उर्वशीने संगणकावरचा नवा पुरावा आणला, तेव्हा त्यांनीच आधी होकार दिला. शेताच्या मानाने कापूस जास्त नाही, एवढंच खरेदीदाराला पटायचं. शेत कुठलं, कापूस किती, कुणालाच दिसायचं नाही. पुरावा तपासायचा ब्लॉकचेनवर, म्हणजे हजारो संगणकांनी मिळून जपलेल्या, खाडाखोड न होणाऱ्या वहीत. पण दर तपासणीला फी पडे. लहान शेताला ती झेपेना. बायका गळू लागल्या.

यंदा उर्वशी म्हणाली, "काकू, आता एकशे चाळीस पुरावे गुंफून एकच करू. वहीत एकदाच तपासणी. फी वाटली का चहाच्या पैशात काम."

पंचफुलाबाईंचे डोळे बारीक झाले. "म्हंजे एखादा खोटा त्या गर्दीत खपून जाईन? इतकं स्वस्त काहून झालं, ते सांग मले आधी."

"गुंफतानाच एकेक तपासला जाते, आपल्याच संगणकावर. ते नीट झालं का, तेवढंच वही पाह्यते."

"तू म्हणते म्हणून?"

"नाही. करून पाहा."

त्यांनी शाळेत संगणक शिकवणाऱ्या दीपाला बोलावलं. उर्वशीचा हात लागू नये म्हणून तिला अंगणात बसवून दीपाने एका पुराव्यातला एकच आकडा फिरवला. गुंफण नेमकी तिथेच अडली. आकडा नीट केल्यावर सुरळीत झाली.

उर्वशी हसली. पंचफुलाबाई हसल्या नाहीत.

"जिची कापसाची पराटी यंदा करपली, तिच्या नावावर कोणी बाहेरचा कापूस मोजला तं?"

उर्वशी हळूच म्हणाली, "शेताच्या मर्यादेत बसन, काकू. पुरावा खराच निघन. गणिताले शेत दिसत नाही."

"मले दिसते."

दुसऱ्या दिवसापासून कापूस मोजायच्या काट्यापाशी दोन बायका उभ्या राहू लागल्या, शेतं पायाखाली घातलेल्या. त्यातल्या एक स्वतः पंचफुलाबाई. तिसऱ्याच दिवशी त्यांची सख्खी जाऊ रुपीबाई कापसाने भरलेली बैलबंडी घेऊन आली. तिच्या शेतात यंदा एवढी बोंडंच नव्हती.

"जाऊबाई, घरचाच हाय," रुपीबाई म्हणाली.

"कोणत्या घरचा?"

रुपीबाईने बैल वळवले. बंडी परत गेली.

त्या हंगामात गुंफलेला पुरावा एका झटक्यात मंजूर झाला, फी नावापुरती पडली आणि सोडून गेलेल्या अकरा जणी परत आल्या. जाऊ मात्र अजूनही पंचफुलाबाईंशी बोलत नाही.